ओतरीव : पोस्टमनच्या गावात तीन रात्री

आधी उत्तर देऊन टाकतो, कारण लष्करातल्या चार-पाच घरांतून एकच विचारणा झाली आहे : फ्रान्समधल्या ओतरीव या खेड्यात मुक्कामाला राहावं का? हो, जरूर राहा. निदान दोन रात्री राहा. आणि खोली तळमजल्यावरची आहे का, हे स्वतः फोन करून विचारून घ्या. (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर, आमचा राहता भाग. बाहेरगावचे वाचक फौज समजतात, म्हणून सांगितलं.)

मी ३६ वर्षं टपाल वाटलं. जनकगंज, दौलतगंज, शेवटची काही वर्षं कंपूकडची बीट, म्हणजे पोस्टमनला वाटपासाठी नेमून दिलेला भाग. सकाळी महाराज बाडा या आमच्या मुख्य चौकातल्या मोठ्या डाकघराच्या त्या उंच खांबांमधून आत जायचं, सॉर्टिंग करायचं, थैला भरायचा आणि निघायचं. नोकरी नवी होती तेव्हा एका वयस्क सहकाऱ्यांनी मला १९८४ सालचं एक फ्रेंच तिकीट दाखवलं. त्यावर एक महाल होता, पण असा महाल मी कधी पाहिला नव्हता. वारुळासारखा, गुहेसारखा, देवळासारखा, सगळंच एकदम. ते म्हणाले, "हा आपल्यासारख्याच एका पोस्टमननं बांधलाय. एकट्यानं. वाटेतले दगड उचलून उचलून." निवृत्त होताना ते तिकीट त्यांनी मला दिलं. माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर आहे.

मुलगी फ्रान्समधल्या लियों शहरात नोकरी करते. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं दीड महिना तिच्याकडे होतो. "बाबा, पॅरिसची तिकिटं काढू का?" असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हटलं, काढ, पण त्याआधी मला त्या पोस्टमनच्या गावाला घेऊन चल. जावयांनी नकाशा उघडला. ओतरीव, द्रोम जिल्हा, गालोर नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात, लियोंहून मोटारीनं सव्वा तास. जेमतेम दोन हजार वस्ती. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळे तसंच करतात. मी हट्टानं तीन रात्री राहायचं ठरवलं, शुक्रवार ते सोमवार, आणि तो हट्ट केला याचं मला समाधान आहे.

आम्ही राहिलो ती जागा हॉटेल नव्हे. तिकडे तिला शांब्र दोत म्हणतात, म्हणजे राहत्या घरातल्या पाहुण्यांच्या खोल्या. त्याचे कायद्यानं ठरलेले नियम आहेत : पाचपेक्षा जास्त खोल्या नाहीत, एका वेळी पंधरापेक्षा जास्त पाहुणे नाहीत, चादरी-टॉवेल आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच, आणि घरमालकानं गावच्या कचेरीत तशी नोंद केलेली असली पाहिजे. आमच्या मालकीणबाईंकडे तीनच खोल्या. बाईंचं वय सत्तरीच्या आसपास, एकट्या राहतात, मुलगा बाजूच्याच वाडीत शेती करतो. रात्रीचं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. मग त्या स्वतः रांधतात आणि पाहुण्यांबरोबर त्याच टेबलावर जेवायला बसतात. मेनू एकच. जे घरात शिजलं ते सर्वांना. आपल्याकडे पाहुणा आला की जसं होतं तसंच.

तक्रार आहे ती आधी सांगतो. ज्या संकेतस्थळावरून मुलीनं बुकिंग केलं, तिथे स्वच्छ लिहिलं होतं, तळमजल्यावरची खोली. आम्ही पोहोचलो तर खोली वर, आणि जिना दगडी, अरुंद, सतरा पायऱ्यांचा. आमच्या हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. मालकीणबाईंनी तर कपाळालाच हात लावला. त्यांच्याकडे आलेल्या कागदावर तळमजल्याचा उल्लेखच नव्हता, आणि खालची खोली त्या रात्रीपुरती एका सायकलवाल्या जोडप्याला दिलेली. संकेतस्थळाच्या मदत क्रमांकावर मुलगी पाऊण तास बोलत राहिली, निष्पन्न काही नाही. शेवटी बाईंनीच त्या जोडप्याकडे जाऊन शब्द टाकला आणि त्या तरुणांनी दहा मिनिटांत आपल्या पिशव्या उचलून वर नेल्या. म्हणून सांगतो, मधल्या माणसावर विसंबू नका. घराला फोन असतो, तो करा.

खोली लहान, भिंती जाड. इतक्या जाड की बाहेर चौतीस अंश तापमान असताना आत पंखा लागला नाही. या भिंतींबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्या पाहिल्याशिवाय तो महालही कळत नाही. या टापूत नदीनं घासून गुळगुळीत केलेले गोटे मुबलक. जुनी घरं त्याच गोट्यांची. गोटा आडवा ठेवत नाहीत, तिरपा लावतात. एक ओळ उजवीकडे कललेली, तिच्यावरची डावीकडे. तिकडचे लोक त्याला माशाचा काटा म्हणतात. आमची ही भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "वेणी घातलीय हो भिंतीला." मला तेच नाव जास्त आवडलं. काही घरांना वरचा भाग मातीचा असतो, लाकडी फळ्यांच्या साच्यात ओली माती धुम्मसानं ठोकून ठोकून उभारलेला. म्हणजे पायाखालचा दगड आणि पायाखालची माती, दुसरं काही आणायला गाव कुठे गेलंच नाही.

दारामागे बाईंनी एक कागद लावला होता. मुलीनं वाचून दाखवला : चर्चची घंटा वाजते, कोंबडा पहाटे आरवतो, कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर रात्रीही चालतो, हे गाव आहे. मी विचारलं, असं लिहावं का लागतं? तर म्हणाल्या, शहरातून आलेले लोक तक्रार करतात. कोंबड्याच्या आरवण्यावरून फ्रान्समध्ये खटले झाले आहेत. शेवटी २९ जानेवारी २०२१ रोजी तिथे कायदाच झाला, की खेड्यातले आवाज आणि वास हाही त्या प्रदेशाचा वारसा आहे. गाईच्या गळ्यातली घंटा, शेणाचा वास, कोंबडा, सगळं त्यात आलं. मला हा कायदा फार शहाणपणाचा वाटला. आमच्या गल्लीत पहाटे दूधवाल्यांच्या बरण्यांचा आवाज यायचा, तो बंद झाला तेव्हा कोणाला कळलंही नाही.

आता वेळापत्रक. हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर उपाशी राहाल. दुपारी साडेबाराला दुकानांच्या झडपा खाली येतात त्या तीन-साडेतीनपर्यंत. रविवारी दुपारनंतर काही नाही. सोमवारी बेकरीसुद्धा बंद होती. आमच्या दालबाजारातसुद्धा दुपारी दुकानदार गादीवर आडवा होतो, पण गिऱ्हाईक आलं तर उठतो. तिकडे उठत नाहीत, कारण ते घरी जाऊन चार माणसांत बसून जेवत असतात. पहिल्या दिवशी मला राग आला. तिसऱ्या दिवशी मीही साडेबाराला टेबलावर होतो. आणखी एक : दुकानात शिरताना आधी "बोंजूर" म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं. न म्हणता थेट पावाकडे बोट दाखवलं तर बाई तुम्हाला उद्धट समजेल. नमस्कार न करता कोणाच्या ओसरीवर चढावं तसं आहे ते.

पाव घेताना "त्रादिसियों" मागा. नुसता "बागेत" (काठीसारखा लांब फ्रेंच पाव) वेगळा आणि हा वेगळा. १९९३ च्या सरकारी आदेशानं याची व्याख्या बांधून टाकली आहे : पीठ, पाणी, मीठ, खमीर, वरची रसायनं नाहीत आणि कणीक गोठवायची नाही. हा "बागेत" पाव बनवण्याच्या कलेला २०२२ साली युनेस्कोनं वारशाच्या यादीत घेतलं. रविवारी सकाळी सातला मी बेकरीच्या रांगेत उभा होतो. पुढे आठ माणसं. प्रत्येकजण प्रत्येकाशी बोलत होता, कोणाचा नातू परीक्षेला बसलाय, कोणाच्या जर्दाळूवर गारा पडल्या. रांग हळू सरकत होती आणि कोणाला घाई नव्हती. घरी येईपर्यंत पावाचं टोक मी खाल्लं होतं. बाई म्हणाल्या, सगळे तेच करतात.

नाश्त्याला तो पाव, घरचं लोणी, जर्दाळूचा मुरंबा, अक्रोड, आणि पोन्य म्हणून संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असलेली गोल गोड ब्रेड. ती जवळच्या रोमां गावची खासियत. मुरंबा इतका उत्तम की आमच्या हिनं कृती लिहून आणली. द्रोम हा जर्दाळूचाच जिल्हा आहे, जूनमध्ये रस्त्याच्या कडेला पेट्या मांडून बसलेले शेतकरी दिसतात.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्यातल्या बहुतेकांची अडचण तीच. आम्ही अंडं खातो, मांस-मासे नाही. मुलीनं आधी कळवलं होतं. बाईंनी शुक्रवारी रात्री राव्हिओल केले. हा दोफिने प्रांताचा पदार्थ. पिठाची आणि अंड्याची कागदासारखी पातळ लाटी, त्यात चीज, फ्रोमाज ब्लां नावाचा चक्क्यासारखा ताजा प्रकार आणि कोथिंबिरीच्या जातीतली पार्सली. विकत मिळतो तो तक्त्याच्या रूपात : एका तक्त्यावर ४८ छोटे चौकोन, एकमेकांना चिकटलेले, मधे दाबलेल्या रेघा. बाईंनी फ्रीजमधून असा तक्ता काढून ओट्यावर ठेवला आणि मी पुढे होऊन पाहिलं. हुबेहूब तिकिटांचा तक्ता! तसेच चौकोन, तसंच फाडण्यासाठी केलेलं अंतर, वर कागद. मी हिला म्हटलं, बघ, हे तर काउंटरवरचं काम आहे. मुलीनं ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा बाई हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, चाळीस वर्षं मी हे शिजवतेय, आता प्रत्येक वेळी तिकिटंच दिसणार.

पाणी फार खळखळायचं नाही. तक्ता सोडला की चौकोन आपोआप सुटे होतात, मिनिटभरात वर येतात, आले की काढायचे. जास्त ठेवले की लगदा. परंपरेनं ते कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. बाईंनी न सांगता वेगळं पातेलं घेतलं, साधं मिठाचं पाणी, त्यात अंगणातली थाइमची काडी. वर वितळलेलं लोणी. तोंडात टाकलं की विरघळतं. एका माणसाला एक तक्ता पुरतो असं म्हणतात, मी दीड खाल्ला. कडक शाकाहाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : फ्रान्समधल्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आम्ही तेवढं चालवून घेतलं. ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी सांगावं, बाईंनी दुसऱ्या दिवशी भाज्यांचा जो ग्रातँ (भट्टीत भाजलेला प्रकार) केला तोही झकास होता.

त्या जेवणाच्या टेबलावर गावाचा कारभार कळला. फ्रान्समध्ये अशी जवळपास ३५ हजार गावं आहेत, प्रत्येकाला कोम्यून म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गावांत पाचशे माणसंही नाहीत. तरी प्रत्येक गावाला स्वतःचा मेअर, स्वतःचं निवडलेलं मंडळ, स्वतःची कचेरी. ही व्यवस्था क्रांतीच्या वर्षात, डिसेंबर १७८९ मध्ये घातली गेली. ओतरीवएवढ्या गावाच्या मंडळात १९ सदस्य. लग्नाची नोंद मेअरच करतो. चर्चमध्ये लग्न लावायचं असलं तरी आधी कचेरीत लावावं लागतं. शनिवारी दुपारी आम्ही पारावर बसलो होतो (झाड प्लेनचं, पण पार म्हटल्याशिवाय मला राहवत नाही), तेव्हा कचेरीतून एक जोडपं बाहेर पडलं, मागून खांद्यावरून तिरंगी पट्टा घेतलेले मेअर. लोकांनी फुलांच्या पाकळ्या उधळल्या. आमच्या हिनंही उधळल्या, कोणीतरी मूठभर हातात दिल्या म्हणून.

आता तो महाल.

फेर्दिनां शव्हाल. जन्म १८३६. शव्हाल म्हणजे फ्रेंचमध्ये घोडा. घरची गरिबी, आधी बेकरीत काम शिकला, १८६७ साली टपाल खात्यात लागला, दोन वर्षांनी ओतरीवला आला. त्याची बीट तेर्सानकडची, डोंगराळ, रोजची ३० किलोमीटरांवर चाल. सायकल नाही. हा आकडा वाचून तुम्ही पुढे जाल, मला जाता येत नाही. पावसाळ्यात दिवसाला अठरा-वीस किलोमीटर सायकल मारून पोटऱ्या दगड झालेल्या मी पाहिल्या आहेत, स्वतःच्याच. तीस किलोमीटर चालणारा माणूस घरी येऊन फक्त झोपतो. हा झोपला नाही.

एप्रिल १८७९ मध्ये चालताना एका दगडाला ठेच लागली. वय ४३. दगड उचलून पाहिला तर आकार इतका अद्भुत की रुमालात बांधून घरी आणला. दुसऱ्या दिवशी तिथेच आणखी सापडले. त्यानं लिहून ठेवलंय की निसर्ग शिल्पं घडवतोच आहे, तर गवंडीकाम आणि बांधकाम मी करीन. पुढे ३३ वर्षं तेच. आधी खिशातून दगड आणले, मग टोपलीतून, मग ढकलगाडीतून. सकाळी टपाल वाटताना वाटेत ढीग करून ठेवायचे आणि ड्यूटी संपल्यावर, संध्याकाळी, गाडी घेऊन पुन्हा त्याच वाटेनं जायचं. रात्री दिव्याच्या उजेडात बांधायचं. चुना, सिमेंट, गोटे, शिंपले. गाव त्याला वेडा म्हणायचं.

१९१२ मध्ये काम संपलं. २६ मीटर लांब. आकडा त्यानं भिंतीवरच कोरला आहे : १० हजार दिवस, ९३ हजार तास, ३३ वर्षांचे कष्ट. मी तिथेच उभ्या उभ्या भागाकार केला, दिवसाला नऊ तासांहून जास्त येतात. नोकरीवरचे तास वेगळे. आणखी एक ओळ आहे, "एका माणसाचं काम." फुशारकी म्हणून ती वाचू नका. टपालवाल्याला रोज प्रत्येक गोष्टीची पावती द्यावी-घ्यावी लागते, नोंद करावी लागते. ती मला पोचपावतीसारखी वाटली.

पूर्वेच्या बाजूला तीन उंच राक्षसी पुतळे आहेत, सीझर, त्याच्याशी लढलेला गॉल सरदार व्हर्सिंजेतोरिक्स आणि आर्किमिडीज, लुकडे, गोट्यांचे. आत वीसेक मीटरचा बोगद्यासारखा दालनमार्ग, भिंती-छत सगळीकडे प्राणी, झाडं, ओळी. जिन्यानं गच्चीवर जाता येतं. ज्या दगडाला ठेच लागली तो तिथे ठेवला आहे. ही वर चढली नाही, मी एकटा गेलो.

पश्चिमेची भिंत बघायला मी मुद्दाम थांबलो. तिथे ओळीनं जगातल्या इमारतींच्या लहान प्रतिकृती आहेत : स्वित्झर्लंडचं लाकडी घर, अमेरिकेचं व्हाइट हाउस, अल्जिअर्सचं घर, मध्ययुगीन किल्ला, मशीद, आणि एक हिंदू देऊळ. मी ग्वाल्हेरचा. किल्ल्यावरची सास-बहूची देवळं, तेली का मंदिर लहानपणापासून डोळ्यांत बसलेलं. त्या मापानं पाहिलं तर हे देऊळ आपल्या कुठल्याच देवळासारखं नाही. पण या माणसानं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. चित्रांची मासिकं आणि चित्र छापलेली पोस्टकार्डं, एवढंच त्याच्या हातात आलं होतं. आमच्या धंद्याचा एक नियम आहे : पोस्टकार्ड वाचायचं नाही. पण चित्राची बाजू दिसतेच, ती कोण कशी टाळणार? मी स्वतः जनकगंजातल्या जिन्यांवर उभं राहून काश्मीर पाहिलंय, कन्याकुमारी पाहिलीय, दुसऱ्याच्या नावाच्या कार्डावर. दहा सेकंद, मग फटीतून आत सरकवायचं. या पोस्टमननं ती दहा सेकंदं घरी नेली आणि रात्री त्यांची भिंत बांधली. तिथे मी रडलो. मुलगी जवळ येऊन काही न बोलता उभी राहिली.

त्याची ढकलगाडी महालातच एका कोनाड्यात ठेवली आहे. देव्हाऱ्यात ठेवतात तशी.

१९६९ साली तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी, त्यांच्या खात्यातल्या लोकांचा विरोध असताना, हा महाल राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. १९९४ पासून तो गावाच्याच मालकीचा आहे. वर्षाला लाखाच्या वर माणसं येतात. बेकरी, कॅफे, बाईंच्या तीन खोल्या, कचेरीतल्या नोकऱ्या, सगळ्याला त्याचा आधार. बाईंची आजी, त्यांनीच सांगितलं, लहानपणी त्याच्या मागे ओरडत धावणाऱ्या पोरांत होती आणि म्हातारपणी ते आठवून गप्प व्हायची.

शनिवारी दुपारी महालात इतकी गर्दी की धड उभं राहता येईना. रविवारी उघडायच्या वेळी गेलो, पाऊण तास जवळजवळ आम्हीच. म्हणून रात्री राहा म्हणतो. पाचनंतर बसगाड्या निघून जातात आणि गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. म्हातारे पेतांक खेळायला येतात, लोखंडी गोळ्यांचा ठक् असा आवाज रात्री दहापर्यंत, कारण उजेड तेव्हापर्यंत असतो.

शनिवारी सकाळी मला टपाल वाटणारी बाई भेटली. पिवळी विजेची गाडी, हातात मोबाइलसारखं यंत्र. मी मुलीला म्हटलं, तिला सांग मी पोस्टमन आहे. "होतो" म्हणालो नाही. तिनं गाडी बंद केली आणि हात मिळवला. पाच मिनिटं बोललो. पत्रं खूपच घटली आहेत, पार्सलं वाढली. आता खातं पैसे घेऊन एक सेवाही देतं : मुलं दूर असतील तर पोस्टमन ठरलेल्या दिवशी म्हाताऱ्या आई-वडिलांकडे जाऊन चौकशी करतो आणि मुलांना कळवतो. २०१७ पासून. ऐकून मला आधी थोडं लागलं. मनीऑर्डर घेऊन मी ज्या आजींकडे जायचो त्यांच्याकडे पाणी प्यायल्याशिवाय, दोन ओळी वाचून दाखवल्याशिवाय निघता यायचं नाही, त्याचे पैसे कोणी लावले नव्हते. पण आमच्याकडे तार २०१३ ला गेली, जुनी मनीऑर्डर २०१५ ला, १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्ट्रीही स्पीड पोस्टात मिसळली. आणि त्या आजींचं दार आता कोण वाजवतं, मला माहीत नाही. तिकडे निदान कोणीतरी वाजवतंय. ती म्हणाली, सेवा तीन घरांनी घेतलीय, पण बंद खिडकी दिसली तर मी कोणाच्याही दारात थांबते. मग ती घाईनं निघाली. बीट पुरी करायची होती, मला माहीत आहे ते.

रविवारी संध्याकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. गावाबाहेर, थोडं चालून. महाल बघणाऱ्यांतले फार थोडे तिथवर जातात. त्याला महालातच पुरावं अशी त्याची इच्छा होती, ती परवानगी मिळणार नव्हती. म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यानं दफनभूमीत स्वतःची समाधी बांधायला घेतली. आठ वर्षं लागली. दगड पुन्हा गाडीनंच नेले. १९२२ ला पुरी झाली, १९२४ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याची मुलगी अलीस १८९४ सालीच गेली होती, पंधरा वर्षांची. तिचा जन्म १८७९ चा, म्हणजे ठेच लागली त्याच वर्षीचा. ही समाधीसमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "मुलगी गेल्यावरही अठरा वर्षं बांधत होता." एवढंच.

निघताना मी बाईंना एक तिकीट दिलं. ग्वाल्हेर संस्थानची तिकिटं १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटावर "ग्वालियर" अशी अक्षरं छापून निघत. माझ्याकडे दोन सारखी होती, त्यातलं एक. त्यांनी ते स्वयंपाकघरात काचेखाली लावलं, राव्हिओलच्या साच्याशेजारी. आम्हाला मुरंब्याच्या दोन बरण्या मिळाल्या. एक ग्वाल्हेरपर्यंत शाबूत आली.

खर्च : दोघांना नाश्त्यासह रात्रीचे ८५ युरो, रात्रीचं जेवण माणशी २५. गावात रेल्वे नाही. जवळचं स्टेशन ऱ्होन नदीकाठचं सँ-व्हालिये, तिथून पंचवीस-एक किलोमीटर; मोटार असलेली बरी. खोलीत केटल नाही, चहाचं सामान न्या आणि बाईंना विचारून ओट्यावर करा, त्यांनाही आल्याचा चहा आवडतो. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा जिन्याचा कापला, तोही बाईंच्या नावावर धरू नये. पुढच्या जूनसाठी तळमजल्यावरची खोली आम्ही फोनवरून सांगून ठेवली आहे, आठवडाभरासाठी. हिनं आतापासून मेतकूट भाजायला घेतलंय.